बारा जणींच्या जागा : मुलींच्या लॅक्रोस संघाच्या जागावाटपाच्या नोंदी

मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरच्या परिसरात, आमच्या वस्तीतील क्लबचा आठवी-नववीच्या मुलींचा लॅक्रोस संघ यंदाच्या वसंतात नव्याने उभा राहिला. टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत, फेकत न्यायचा आणि समोरच्या गोलात मारायचा, असा हा खेळ आहे. मुख्य प्रशिक्षिका महाविद्यालयाच्या संघातून खेळलेल्या आहेत. कोणत्या मुलीने कोणत्या जागी खेळावे हे ठरवण्याचे आणि बचावाची तयारी करून घेण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. इकडे मराठी घरांतील मुली या खेळाकडे वळू लागल्या आहेत आणि स्वयंसेवक म्हणून पालकांनाही मैदानात बोलावले जाते. अशा वेळी नियमपुस्तक सहज मिळते, परंतु संघ बसवताना काय अडते ते त्यात सापडत नाही. ते इथे तारखेनिशी लिहून ठेवत आहे.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पहिला सराव. गवताचे मैदान गोठलेले असल्यामुळे कृत्रिम गवताचे मैदान तासाच्या भाड्याने घ्यावे लागले, आणि हंगामातला सर्वांत मोठा खर्च हाच ठरणार असे दिसते. प्रत्येक मुलीला स्वतःची स्टिक, डोळ्यांवरचा जाळीचा चष्मा आणि दातांवरचे संरक्षण एवढे लागते. नवी आणि साधी खरेदी केली तर शंभर डॉलरच्या आसपास भागते. गोलरक्षिकेचे हेल्मेट, गळ्याचे व छातीचे संरक्षण, हातमोजे आणि पायांचे पॅड क्लबने जुने विकत घेऊन दिले.

प्रत्येकीला कोणती जागा हवी हे कागदावर लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक मुलींनी आक्रमण लिहिले, गोलरक्षण एकीनेही लिहिले नाही. मुख्य प्रशिक्षिकांशी बोलून तात्पुरती मांडणी अशी केली : सर्वांत वेगाने धावणाऱ्या चौघी आक्रमणात, अंगाने भक्कम चौघी बचावात, उरलेल्यांपैकी तिघी मध्यफळीत आणि गोलमध्ये पाळीपाळीने एकेक जण.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा सगळा वेळ रेषा समजावण्यात गेला आणि तो जायलाच हवा होता. दोन्ही बाजूंना गोलरेषेपासून ३० यार्डांवर मैदानाच्या पूर्ण रुंदीची एक रेषा असते. तिला इथे सर्व जण रिस्ट्रेनिंग लाइन म्हणतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या जास्तीत जास्त सात जणींना ही रेषा ओलांडता येते, तर बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षिका धरून आठ जणी तिच्या आत असू शकतात. जागांचा सारा हिशेब या दोन आकड्यांतून निघतो. चार आक्रमक कायम पुढे, चार बचावपटू आणि गोलरक्षिका कायम मागे, आणि मध्यफळीतल्या तिघी दोन्हीकडे धावणार. पुढे गेल्या की चार आणि तीन मिळून सात होतात, मागे आल्या की चार, तीन आणि एक मिळून आठ होतात.

हे फळ्यावर पाच मिनिटांत पटते. धावताना मात्र कोणालाच आठवत नाही, म्हणून रेषेवर नारिंगी शंकू मांडून चेंडू न देताच मुलींना संपूर्ण मैदानभर पुढे-मागे चालवले. कंटाळा आला, तरी ही कवायत पुढचे दोन आठवडे प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला ठेवायची असे ठरवले आहे.

जुन्या पुस्तिकांत बारा जागांना बारा नावे होती आणि आमच्याकडे सामना पाहायला येणाऱ्या वयस्क बायका अजून तीच वापरतात, म्हणून ती मुलींना सांगून ठेवली. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलाच्या सर्वांत जवळची फर्स्ट होम. तिने सतत मोकळी जागा शोधून गोलाकडे झेप घ्यायची. सेकंड होम खेळ रचते आणि गोलाच्या कोणत्याही बाजूने पास देऊ शकते. थर्ड होम चेंडू बचावातून आक्रमणात आणते. दोन अटॅक विंग, मधोमध सेंटर, दोन डिफेन्स विंग. मग समोरच्या थर्ड होमवर थर्ड मॅन, सेकंड होमवर कव्हर पॉइंट, फर्स्ट होमवर पॉइंट आणि शेवटी गोलरक्षिका. समोरासमोर एकीला एक अशी ही जुनी जोडणी होती. स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स शाळेत १८९० साली मुलींचा पहिला सामना झाला. १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर यांनी बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत हा खेळ सुरू केला. त्यामुळे या परिसरात ती नावे अजून जिवंत आहेत आणि ती ऐकून मुली गोंधळू नयेत एवढाच इथे हेतू आहे. सरावात आम्ही अटॅक, मिडी (मध्यफळीतली), डिफेन्स आणि गोली हेच शब्द ठेवले.

१ मार्च, शनिवार

आपसांत सामना घेतला आणि पहिली मांडणी पूर्ण कोसळली. वेगवान चौघी पुढच्या रेषेपलीकडे ताटकळत उभ्या राहिल्या, कारण चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मधल्या पट्ट्यात पडलेला चेंडू उचलून तीस-चाळीस यार्ड पळणारे कोणी मध्यफळीत नव्हते. दुसरीकडे बचावातील भक्कम मुली समोरच्या खेळाडूला खांद्याने रेटू लागल्या. मुलींच्या खेळात अंगाला अंग लावून रोखता येत नाही; पायांनी समोर येऊन वाट बंद करायची असते आणि त्यासाठी ताकदीपेक्षा छोटी, चपळ पावले लागतात. म्हणजे ज्या गुणावर बचावपटू निवडल्या, त्या गुणाचा या खेळाच्या बचावात फारसा उपयोगच नव्हता.

त्याच सामन्यात रेषेचा नियम अनेकदा मोडला. बचावातील मुलीने चेंडू जिंकला, ती उत्साहाने पुढे पळत गेली, मध्यफळीतल्या तिघीही तिच्याबरोबर गेल्या आणि रेषेपलीकडे आठ जणी झाल्या. लगेच शिट्टी आणि चेंडू समोरच्यांकडे.

४ मार्च, मंगळवार

आज मांडणी मोडून नव्याने निवड सुरू केली. यासाठी मुख्य प्रशिक्षिकांनी सुचवलेली पद्धत मला फार मोलाची वाटली, म्हणून ती सविस्तर लिहितो.

खेळ चालू असताना चेंडूकडे पाहायचेच नाही. चेंडूपासून सर्वांत दूर असलेल्या मुलींकडे पाहायचे आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती काय करते तेवढेच लिहायचे : मान वळवते का, आपल्या खेळाडूच्या आणि गोलाच्या मध्ये येते का, मोकळ्या जागेकडे सरकते का, की स्टिक जमिनीवर टेकून उभी राहते. खो-खोत चौकटीत बसलेला गडी खो मिळण्याच्या आधीपासून जसा तयार असतो, तशी तयारी इथे चेंडू नसलेल्या दहा जणींत शोधायची असते. एका मुलीच्या हाती चेंडू संपूर्ण सामन्यात फार थोडा वेळ येतो. तिची जागा उरलेल्या वेळातल्या वागण्यावरून ठरवली पाहिजे.

या नोंदीतून चित्र पालटले. ९ क्रमांकाची मुलगी धावण्यात मागे होती, पण दर दोन-तीन सेकंदांनी मान वळवून आपली खेळाडू आणि चेंडू दोन्ही पाहत होती, आणि कोणी न सांगता शेजारणीला सावध करत होती. ती बचावाच्या मध्यभागी आली. सर्वांत वेगवान असलेली ४ क्रमांकाची मुलगी आक्रमणातून मध्यफळीत आली. तिला ते आवडले नाही, परंतु सरावाच्या अखेरीस तिच्या हाती सर्वांत जास्त वेळा चेंडू आला हे तिनेच बोलून दाखवले. १७ क्रमांकाची मुलगी एका जागी स्थिर राहून दुसऱ्यांच्या हालचाली वाचते. तिला आक्रमणात गोलाच्या मागची जागा दिली.

८ मार्च, शनिवार

मध्यफळीच्या रेषेचा प्रश्न आज सुटला. 'कोणीतरी मागे राहा' असे सांगून काही होत नाही, कारण प्रत्येकीला वाटते की दुसरी राहील. आता नियम असा : बचावपटू चेंडू घेऊन रेषा ओलांडणार असेल, तर तिच्या बाजूची मिडी रेषेच्या अलीकडे थांबते, स्टिक सरळ वर धरते आणि मोठ्याने 'मी मागे' असे ओरडते. स्टिक वर दिसली नाही तर बचावपटूने रेषेपाशी थांबून पास द्यायचा. स्टिक वर करण्याची ही छोटी खूण ठरल्यापासून आठवी मुलगी पलीकडे जाण्याचे प्रकार जवळजवळ थांबले.

११ मार्च, मंगळवार

घड्याळे पुढे सरकल्याने संध्याकाळी उजेड मिळू लागला आणि बाहेरच्या गवतावर सराव घेता आला. मैदानाचे भाडे वाचले. संपूर्ण वेळ 'ड्रॉ'ला, म्हणजे चेंडू वर उडवून खेळ सुरू करण्याच्या पद्धतीला, दिला.

ड्रॉसाठी दोन्ही सेंटर मधल्या रेषेशी पाय लावून उभ्या राहतात, स्टिकची तोंडे पाठीला पाठ लावून आडवी धरतात आणि पंच त्यांच्यामध्ये चेंडू ठेवते. शिट्टी होताच दोघी वर आणि बाहेर झटका देतात. चेंडू दोघींच्या डोक्यांच्या वर गेला पाहिजे. प्रत्येक गोलनंतर ड्रॉ होतो, म्हणून सलग ड्रॉ जिंकणारा संघ समोरच्यांना चेंडू न देताच गोल करत राहू शकतो. चेंडूवर कोणाचाही ताबा येईपर्यंत प्रत्येक संघाच्या तिघीच दोन रेषांच्या मधल्या भागात असतात, बाकीच्या आपापल्या रेषेमागे थांबतात. मिडी कशा निवडायच्या याचे अर्धे उत्तर इथेच आहे : या तिघी प्रत्येक ड्रॉला तीनास तीन झुंजणार.

आमची उंच सेंटर चेंडू स्वतःच्याच डोक्यावर उडवून स्वतःच झेलण्याचा प्रयत्न करत होती आणि समोरची तिला दर वेळी हुलकावणी देत होती. वेळ त्यातच गेला. शेवटी तिच्याकडून झेल अपेक्षितच धरायचा नाही असे ठरवले. तिने मनगट वळवून चेंडू डाव्या हाताला, मैदानाच्या मधल्या वर्तुळाच्या कडेकडे पाठवायचा, आणि तिथे ४ क्रमांकाच्या मुलीने प्रतिस्पर्ध्याच्या पुढे पाऊल टाकून आतली जागा आधीच धरायची. तिसरी मिडी चेंडू घ्यायला जात नाही. तो उलट दिशेला उडाला तर समोरच्या खेळाडूचा मार्ग बंद करण्यासाठी ती बचावाच्या बाजूला सरकते. हे तिसरे काम कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्याची नोंद गुणपत्रकातही होत नाही, पण त्यावाचून हरलेल्या ड्रॉवर थेट गोल बसतो.

१८ मार्च, मंगळवार

गोलरक्षण पाळीपाळीने करण्याचा प्रयोग बंद केला. दर वेळी नवी मुलगी, दर वेळी नवी भीती, आणि बचावपटूंना मागून येणारा आवाज ओळखीचा होत नव्हता. सॉफ्टबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी एक मुलगी क्लबमध्ये आहे. तिला विचारताच ती तयार झाली. पहिले काही दिवस तिच्यावर टेनिसचे चेंडू मारले आणि हातात स्टिक न देता केवळ हातमोज्यांनी अडवायला लावले. चेंडूला पाहून डोळे मिटणे थांबल्यावरच मोठ्या तोंडाची गोलीची स्टिक आणि खरा रबरी चेंडू दिला.

गोल सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच असतो, त्याभोवती क्रीजचे वर्तुळ असते. क्रीजमध्ये चेंडू हाती आला की दहा सेकंदांच्या आत तो बाहेर पाठवावा लागतो, म्हणजे गोलरक्षिका ही संघाची पहिली पास देणारी खेळाडूही असते. परंतु मला तिचे सर्वांत मोठे काम बोलण्याचे वाटते. पूर्ण मैदान समोर दिसणारी ती एकटीच असते. चेंडू कुठे आहे हे ती सतत सांगते : वर (म्हणजे गोलासमोर, दूरच्या बाजूला), डावीकडे, उजवीकडे, मागे. चेंडू गोलाच्या मागे गेला की बचावपटूंची पाठ त्याच्याकडे होते आणि त्या क्षणी त्यांना केवळ तिच्या आवाजावर हालचाल करावी लागते.

२९ मार्च, शनिवार

पहिला सामना, पराभव. त्यांचे बहुतेक गोल आठ मीटरवरून मिळालेल्या मोकळ्या फटक्यांवर झाले, म्हणून ती गोष्ट नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे.

गोलासमोर आठ मीटरची कमान आखलेली असते. तिच्या आत बचावपटूला प्रतिस्पर्ध्यापासून स्टिकच्या लांबीपेक्षा दूर राहून तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. शिवाय चेंडू घेतलेली आक्रमक गोलाकडे फटका मारण्याच्या तयारीत असेल, तर कोणत्याही खेळाडूच्या जवळ न राहता तिच्या आणि गोलाच्या मधल्या मोकळ्या वाटेत उभे राहणे हा फाउल आहे. त्याला शूटिंग स्पेस म्हणतात. या खेळात गोलरक्षिका सोडली तर कोणाच्या डोक्यावर कठीण हेल्मेट नसते, म्हणून हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. फाउल झाला की आक्रमक कमानीवरच्या खुणेवर उभी राहते, फाउल करणारी तिच्या चार मीटर मागे जाते, मधली वाट रिकामी केली जाते आणि शिट्टीबरोबर ती गोलाकडे धावते.

आमच्या बचावपटू मनापासून मदत करत होत्या आणि तीच मदत अंगाशी येत होती. एखादी आक्रमक सुटली की दोघी-तिघी आपापली खेळाडू सोडून गोलासमोर धावत येऊन उभ्या राहत. फुटबॉलमध्ये हे योग्य ठरले असते. इथे तो फाउल होतो.

३ एप्रिल, गुरुवार

बचावाची फेरमांडणी. चौघींची कामे वेगळी करून सांगितली. चेंडू घेतलेल्या खेळाडूवर असलेली मुलगी 'बॉल' असे ओरडते आणि तिला मधून बाहेर, कडेकडे वळवत नेण्यासाठी एका बाजूने कोन धरून उभी राहते. तिच्यामागे मदतीला जाणारी एकच मुलगी आधीपासून ठरलेली असते. ती 'हॉट' असे ओरडते. पहिली हरली तर हॉट पुढे जाते, आणि जाताना थेट चेंडू घेतलेल्या खेळाडूच्या अंगापर्यंत, स्टिकच्या लांबीच्या आत पोहोचते. अर्ध्या वाटेत थांबली की शूटिंग स्पेस. तिने सोडलेली खेळाडू क्रीजजवळची तिसरी उचलते, आणि चौथी दूरच्या बाजूच्या दोघींच्या मध्ये उभी राहते. मध्यफळीतल्या तिघी वरच्या बाजूला आपापल्या खेळाडूंजवळ राहतात.

९ क्रमांकाची मुलगी इथे अपरिहार्य ठरली. हॉट कोण हे चेंडूच्या प्रत्येक पासबरोबर बदलते आणि ते बदलल्याचे तीच सर्वांना सांगते. तिच्या हाती चेंडू क्वचितच येतो, तिने एकही गोल केलेला नाही, आणि तरी तिला बाहेर बसवले की बचाव दोन मिनिटांत विस्कटतो. मुख्य प्रशिक्षिकांनी आज तिला कर्णधारपद दिले, याचा मला फार आनंद झाला.

१२ एप्रिल, शनिवार

रात्रभर पाऊस. सामन्याआधीच्या तपासणीत आमच्या दोन स्टिक नाकारल्या गेल्या. पंच स्टिक आडवी धरून चेंडू जाळीत हाताने दाबते आणि सोडते. मैदानी खेळाडूच्या स्टिकमध्ये चेंडूचा वरचा भाग कडेच्या वर दिसलाच पाहिजे. ओल्या झालेल्या जाळ्या सैल पडल्या होत्या आणि चेंडू आत बुडत होता. तळाची दोरी ओढून गाठ पुढे घेतली आणि स्टिक परत तपासून घेतल्या, परंतु तोवर सराव वाया गेला. आता पावसाच्या दिवशी आदल्या रात्री घरीच चेंडू ठेवून पाहायचा आणि पिशवीत सुटी दोरी ठेवायची. जाळी घट्ट केली की पहिले काही पास उंच किंवा आखूड जातात, म्हणून हे मैदानावर करण्यापेक्षा घरी केलेले बरे. गोलीच्या स्टिकची जाळी खोल चालते. तिला हा त्रास नाही.

सामना बरोबरीच्या जवळ नेला, शेवटी हरलो.

२२ एप्रिल, मंगळवार

आक्रमण. सात जणी गोलासमोर अर्धवर्तुळात उभ्या राहतात आणि पास फिरवत राहतात. कोणी हलत नाही, त्यामुळे बचावपटूही हलत नाहीत. क्रीजसमोर तर तिघी-तिघी चेंडू मागत उभ्या असत आणि एकमेकींच्या बचावपटूंना आयतेच तिथे घेऊन येत.

जागा अशा बांधल्या : मध्यफळीच्या तिघी वर, दोघी बाजूंना, एक क्रीजजवळ, एक गोलाच्या मागे. मागच्या जागेला एक्स म्हणतात आणि ती १७ क्रमांकाच्या मुलीची. गोलाच्या मागे चेंडू गेला की बचावपटू एकतर चेंडू पाहतात किंवा आपली खेळाडू. दोन्ही एकाच वेळी दिसत नाही. त्याच क्षणी वरची मिडी गोलाकडे धाव घेते आणि एक्स तिला पास देते. क्रीजवरच्या मुलीने आधी बाहेर पळून आपली बचावपटू ओढून न्यायची, मगच मधली जागा रिकामी होते. स्वतः चेंडू न घेता जागा रिकामी करणे हे त्या जागेचे काम आहे, हे तिला पटायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पास दिला की जागेवर थांबायचे नाही, गोलाकडे धाव घ्यायची, आणि सुटलेली जागा शेजारणीने भरायची. एवढी एकच सक्ती ठेवली.

३ मे, शनिवार

जिंकलो. शेवटच्या गोलाची वाट अशी : गोलीने अडवलेला चेंडू तिने कडेच्या बचावपटूला दिला, ती रेषेपर्यंत धावली, उजवीकडची मिडी स्टिक वर करून मागे थांबली, चेंडू ४ क्रमांकाकडून एक्सकडे गेला, क्रीजवरची मुलगी बाहेर पळाली आणि उंच सेंटर मोकळ्या जागेत शिरली. या सर्वांत स्टिक वर करून मागे थांबलेल्या मुलीचे नाव प्रेक्षकांतून कोणी घेतले नाही, म्हणून सामन्यानंतर मी ते सर्वांसमोर घेतले.

१० मे, शनिवार

महाराष्ट्रातून एका परिचित क्रीडाशिक्षिकेने विचारले आहे की बारा जणी आणि एवढे मैदान नसेल तर काय करावे. त्यांना सिक्सेस प्रकार सुचवला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रोसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी मान्यता मिळाली, ती याच प्रकाराला. मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद, प्रत्येक संघाच्या गोलरक्षिकेसह सहा जणी, आठ मिनिटांचे चार भाग आणि चेंडू ताब्यात आल्यावर फटक्यासाठी ३० सेकंद. गोल झाल्यावर ड्रॉ होत नाही. गोलरक्षिका चेंडू उचलून लगेच खेळ सुरू करते. पाचही मैदानी खेळाडू पुढेही जातात आणि मागेही येतात, म्हणून तिथे सर्व जणी मिडी असतात आणि निवडीत आधी दम पाहावा लागतो. मात्र हॉट, एक्स आणि मागून बोलणारी गोली या तिन्ही कामांची तयारी तिथेही करून घ्यावी लागते, असे त्यांना कळवले आहे. सुरुवात गोलरक्षिकेचे साहित्य मिळवण्यापासून करा, असेही लिहिले; स्टिक उसन्या मिळतात, ते मिळत नाही.

क्लबसाठी पुढच्या हंगामाची मागणी दिली : गोलीच्या पॅडची आणखी एक जोडी, सुट्या दोऱ्यांची पेटी, आणि फेब्रुवारीऐवजी नोव्हेंबरमध्ये निवडीचे चार सराव, ज्यांत गुण द्यायचे ते चेंडूपासून दूर असलेल्या मुलींना.